कोलेस्टेरॉल वाढलंय आणि कुणीतरी तेलाची बाटली दिलीय? आधी हे करा

मिरजेत लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करून मला आता वीसेक वर्षं होत आली. सकाळी साडेसातला शटर वर जातं तेव्हा चार-सहा माणसं उपाशीपोटी बाहेर उभी असतातच. कुणी सांगलीचं, कुणी जतचं, कुणी पार कर्नाटकातून रात्रीच्या गाडीनं आलेलं. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत फाईलबरोबर एक छोटी बाटली निघते. जवसाचं तेल, कलौंजीचं तेल, लसणाचं, कुणाकडे हळदीचं. "ताई, हे सुरू केलंय. रिपोर्टात कळेल ना?"

कळेल की. पण त्याला क्रम आहे, आणि तो चुकला तर रिपोर्टातून काहीच कळत नाही. मी डॉक्टर नाही. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी सांगतेय ते बाटली उघडायच्या आधीचं आणि नंतरचं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. रोजच्या खाण्यात काहीही न बदलता वरून चमचाभर तेल प्यायलं की ते औषध होत नाही, ती नुसती चमचाभर तेलाची भर होते. तेल कशाच्या जागी येतंय, हा खरा प्रश्न.

पहिली पायरी: आजचा आकडा पक्का करा

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी, आधी करा, तेल नंतर. उलटं करणारे फार भेटतात.

आदल्या रात्री जेवल्यापासून नऊ ते बारा तास पोट रिकामं ठेवा. पाणी चालतं. चहा चालत नाही, आणि "अर्धाच कप घेतला, तोही बिनसाखरेचा" हेसुद्धा चालत नाही, कारण त्यात दूध असतं. खाल्ल्यावर एकूण कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चांगलीच वर जाते. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण किंवा मटणाचा बेत झाला असेल तर सरळ दोन-तीन दिवस थांबा. ताप, डेंग्यू किंवा ऑपरेशन होऊन गेलं असेल तर काही आठवडे थांबा. आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं खोटं खाली उतरतं.

रक्त घेतलं की ती नळी थोडा वेळ उभी ठेवतो. रक्त गोठतं, मग ती यंत्रात गरगर फिरवतो. खाली लाल गोळा बसतो आणि वर पातळ लिंबूसरबताच्या रंगाचं सीरम राहतं. कोलेस्टेरॉल अडीचशे असलं तरी ते सीरम अगदी नितळ दिसतं, नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. ट्रायग्लिसराइड पाचशे-सातशेच्या घरात गेलं की मात्र तेच सीरम दुधाळ होतं, ताकाच्या निवळीत थोडं दूध मिसळावं तसं. एकदा एका काकांना मी ती नळी दाखवली होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे माझ्या आत फिरतंय होय?"

आता रिपोर्ट वाचायचा कसा ते बघा. समजा एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) ४२, ट्रायग्लिसराइड २१० आहे (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थेट मोजत नाहीत, गणितानं काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचानं भागलं की व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) येतं, इथे ४२. एकूणातून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केलं की एलडीएल, इथे १५४. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असेल तर हे गणित लागू पडत नाही. तेव्हा एलडीएल थेट मोजायला सांगा. एकूणातून फक्त एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल मिळतं, इथे १९६, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना हा आकडा जास्त भरवशाचा.

साधारण निरोगी माणसात एकूण २००च्या खाली, एलडीएल १००च्या आसपास किंवा खाली, ट्रायग्लिसराइड १५०च्या खाली, एचडीएल पुरुषात ४०च्या आणि बाईत ५०च्या वर असावं. ज्यांना मधुमेह आहे किंवा हृदयाचा झटका येऊन गेलाय त्यांच्यासाठी डॉक्टर एलडीएल याहून बरंच खाली आणायला सांगतात. एलडीएल १९०च्या वर किंवा ट्रायग्लिसराइड ५००च्या वर असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. एवढ्या ट्रायग्लिसराइडनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ते तेलाच्या चमच्याचं काम नाही.

दुसरी पायरी: वाढलं कशानं, ते विचारा

ही छोटी पायरी, पण इथेच लोक चुकतात. थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं. साखर ताब्यात नसली किंवा रोजची दारू असली की ट्रायग्लिसराइड वाढतं. काही औषधांनीही वाढतं. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर एकदा बघून घ्या. थायरॉइडच्या गोळीनं जे उतरणार होतं त्यासाठी वर्षभर जवस पीत बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

तिसरी पायरी: बाटलीत आहे काय?

"वनस्पतीचं तेल" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, बियांतून गाळलेलं खायचं तेल: जवस, करडई, तीळ, शेंगदाणा, कलौंजी. दुसरं, वाफेवर काढलेलं सुगंधी तेल: निलगिरी, पुदिना, ओवा, गवती चहा, हळद. हे थेंबाथेंबानं वास घ्यायला किंवा लावायला असतं. ते चमच्यानं प्यायचं नसतं. निलगिरीचं तेल पोटात गेलं की लहान मुलांना झटके येऊ शकतात. तिसरं, अंगाला चोळायचं औषधी सिद्ध तेल. आणि कडुनिंब, करंज यांची तेलं तर खायची नव्हेतच. कडुनिंबाच्या तेलानं तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

आता नावांचा घोळ. आपल्याकडे कारळ्याची चटणी घरोघरी असते. कारळं म्हणजे खुरासणी, लांबुळकं, चकचकीत काळं बी. कलौंजी वेगळी. ती कोनदार आकाराची, मळकट काळी, कांद्याच्या बियांसारखी दिसते आणि चोळली की उग्र वास येतो. कडू जिरं हे तिसरंच, आणि शहाजिरं चौथं. दुकानात "काळं जिरं द्या" म्हटलं की यांतलं काहीही पुडीत येऊ शकतं. माझ्या सासूबाईंनी कलौंजी समजून महिनाभर कडू जिरं चावलं होतं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, तोंड मात्र कडूजहर झालं.

जवसाचंही तसंच. खायचं जवसाचं तेल आणि सुतार लाकडाला लावतात ते हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल, दोन्ही एकाच बियाचे. पण दुसऱ्यात लवकर वाळावं म्हणून रसायनं मिसळलेली असतात. ते पोटात जाता कामा नये.

बाटलीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं बघून भुलू नका. कोणत्याच वनस्पती तेलात सांगण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतं. वनस्पती तुपातही नसायचं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं. लेबलवर संपृक्त चरबी म्हणजे सॅच्युरेटेड फॅट किती आणि ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) किती ते बघा. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृतावरचे एलडीएल पकडून आत ओढणारे हात कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. हे हात शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं.

चौथी पायरी: कोणतं तेल काय करतं

जवसापासून सुरू करते, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त विचारतात. या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं, अल्फा लिनोलेनिक आम्ल. पण एलडीएल उतरवण्याच्या बाबतीत अख्ख्या बियाची भरड तेलापेक्षा सरस ठरलीय. कोलेस्टेरॉलवर काम करतो तो बियातला चिकट तंतू आणि लिग्नान नावाचं द्रव्य, आणि ते दोन्ही पेंडीत राहतात. म्हणजे ज्या जवसाच्या चटणीला आपण गावंढळ समजत आलो, ती महागड्या बाटलीपेक्षा कामाची. जवस भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून भरड कुटा, भाकरीबरोबर रोज एक-दोन चमचे खा. अख्खं बी गिळलं तर तसंच्या तसं बाहेर पडतं. वर पाणी भरपूर प्या.

तेलच घ्यायचं असेल तर छोटी, गडद रंगाची बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि तापवू नका. फोडणीला तर नाहीच. आमच्या घरी एक बाटली गॅसच्या वरच्या खिडकीत उन्हात राहिली. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर नुकतंच रंगकाम झालेल्या खोलीसारखा वास. तो वास आला की ओतून द्या.

करडई आपली. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरडवाहू रानात शाळवाच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी असायच्या, म्हणजे जनावर आत शिरत नसे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या पिकावर मोठं काम केलंय, बिनकाट्याचा संकरित वाणसुद्धा काढलाय. नेहमीच्या करडईच्या तेलात पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, असतं, आणि ते तूप, वनस्पती किंवा पामतेलाच्या जागी आलं तर एलडीएल खरंच उतरतं.

पण इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात सिडनीला हृदयाचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर अभ्यास झाला. निम्म्यांना संपृक्त चरबीच्या जागी करडईचं तेल आणि त्याचं मार्गारीन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) भरपूर दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त झाले. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, मार्गारीनमधल्या ट्रान्स फॅटचाही संशय घेतला जातो. मी यातून एवढंच घेते की एकाच तेलाचा डबा डोक्यावर घेऊन नाचू नये. आमच्याकडे एक महिना शेंगदाणा, एक महिना करडई असतं, आणि तीळ-जवस-कारळं चटणीतून.

खोबरेल तेल भजी तळायला कितीही छान असलं तरी त्यात जवळजवळ नव्वद टक्के संपृक्त चरबी असते. एचडीएल वाढतं हे खरं, पण एलडीएलही वाढतं.

कलौंजीच्या तेलावर आणि बियांवर बरेच छोटे अभ्यास झालेत. त्यांत एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड थोडं उतरलेलं दिसतं. वाईट नाही, पण "महिन्यात नॉर्मल" हे विकणाऱ्याचं बोलणं. लसणाचा परिणामही असाच थोडा, तोही दोन-तीन महिने रोज घेतल्यावर दिसणारा, आणि बहुतेक अभ्यास लसणाच्या पावडरीवर नाहीतर मुरवलेल्या अर्कावर आहेत. बाजारातली कॅप्सूल म्हणजे बहुधा साध्या खाद्यतेलात मिसळलेलं थोडंसं लसूणतेल.

हळदीचं बोलायलाच हवं, सांगलीत राहून ते टाळता येत नाही. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं सगळ्यांना माहीत. पण हळदीतल्या ज्या करक्युमिन या पिवळ्या द्रव्याचं एवढं नाव आहे ते वाफेवर वर येत नाही, मागे राहतं. वाफेवर काढलेल्या हळदीच्या तेलात टर्मेरोन असतं, ते वेगळं द्रव्य. तेव्हा हळदतेलाच्या बाटलीवर करक्युमिनचे गुण छापलेले दिसले तर ती बाटली परत ठेवा. मिरीच्या अर्कासह येणाऱ्या जास्त ताकदीच्या करक्युमिनच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. भाजीतली हळद चालू द्या.

गुग्गुळ तेल नव्हे, डिंक. पण विचारतात म्हणून सांगते. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या, म्हणजे अंगात चरबी वाढण्याच्या आजाराच्या, वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६०च्या दशकात त्यावर काम केलं आणि भारतात त्याची मोठी चर्चा झाली. पुढे २००३ साली अमेरिकेतल्या एका नेटक्या चाचणीत मात्र गुग्गुळाच्या अर्कानं एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं.

पाचवी पायरी: डबा मोजा

माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक पडतो तो इथे. नवा डबा फोडला की त्यावर मार्करनं तारीख लिहा. संपला की पुन्हा तारीख लिहा. घरात चौघं आणि महिन्याला पाच लिटर जात असेल, तर पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी ३८ ग्रॅम रोज. मोठ्या माणसाला वरून घालायची चरबी २० ते ३० ग्रॅम पुरते. शिवाय मिसळीचा कट, बाहेरची भजी, भडंग, सातारचे पेढे हे त्या डब्यात मोजलेलंच नाही. चार लिटरवर आलात की माणशी तीसच्या आसपास येता.

आता अदलाबदल करा. सकाळी चमचाभर जवस-तेल घ्यायचं ठरवलंय? तर मग दुपारच्या भातावरचं तूप तेवढंच कमी करा. एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात; रोजची ती भर वजनात दिसते आणि वजन वाढलं की ट्रायग्लिसराइड वाढतं. संपृक्त चरबी कमी करण्याचा परिणाम दुसरं चांगलं तेल वाढवण्याच्या जवळपास दुप्पट असतो, असं १९५०-६०च्या दशकातल्या अभ्यासांतून दिसलं होतं. त्यामुळे आधी काय काढायचं ते ठरवा.

लाकडी घाण्याचं तेल घ्यावं का? जरूर घ्या, वास आणि चव सुंदर असते, 'ई' जीवनसत्त्वही जास्त टिकतं. पण घाण्यात गरगर फिरल्यानं शेंगदाण्याचं करडई होत नाही. चरबीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून हात सैल सोडू नका. घाण्यावर गेलात तर आधी दाणे बघा. बुरशीचे, खवट दाणे दिसले तर तसेच माघारी या. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, फार तर एकदा फोडणीत संपवा.

सहावी पायरी: गोळ्या चालू असतील तर

एटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशा गोळ्या यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवायचं काम मंदावतात. साध्या डोसलाही एलडीएल तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त उतरतं. कोणतंही तेल त्याच्या आसपास पोचत नाही. "तेल सुरू केलं म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य मी ऐकते आणि सुई हातात असताना गप्प बसणं मला जड जातं.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लसणाच्या कॅप्सूल आणि जवसाचं तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर आधीच सांगा. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर कलौंजीनं साखर-बीपी आणखी उतरू शकतं. गरोदर बायकांनी या बाटल्यांच्या वाटेला जाऊ नये.

सातवी पायरी: बारा आठवड्यांनी पुन्हा या

एका वेळी एकच बदल करा. जवसाची चटणी, इसबगोल, सकाळचं चालणं आणि कलौंजी सगळं एकदम सुरू केलं तर तुमचं भलं होईल कदाचित, पण कशानं झालं ते कळणार नाही आणि बाटलीचे पैसे जातच राहतील.

आठ ते बारा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, तेवढाच उपास करून पुन्हा तपासा. आणि आकडा बघताना घाई करू नका. काहीही न करता एकाच माणसाचं कोलेस्टेरॉल दोन तपासण्यांत पाच-दहा टक्के वरखाली होतं, ट्रायग्लिसराइड तर वीस टक्क्यांहूनही जास्त. म्हणजे एलडीएल १५४चं १४८ झालं तर तो तेलाचा गुण म्हणता येत नाही. १५४चं १२५ झालं आणि पुढच्या खेपेलाही तिथेच राहिलं, तर काहीतरी घडलंय.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट, डब्यावरच्या तारखा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या. आणि ती बाटलीही पिशवीत घाला, घरी ठेवू नका. नुसतं "कसलंतरी आयुर्वेदिक तेल" म्हटलं की डॉक्टरांना काही कळत नाही. लेबल समोर धरलं की कळतं.